पिशवीच्या ऑपरेशननंतर पहाटे धडधड, श्वास पुरत नाही: हे मनाचं की शरीराचं?

पोहे_वाटाणा विचारतात:

वहिनींसाठी विचारतेय. वय ४४. बारा दिवसांपूर्वी पोटावर छेद घेऊन पिशवी काढली. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात साध्या गाठी होत्या, अंगावरून फार जायचं. टाके कोरडे आहेत, ताप नाही, जेवण ठीक. पण सहाव्या दिवसापासून रोज पहाटे तीनच्या सुमारास दचकून उठतात. छातीत धडधड, घाम, हाताला आणि ओठांभोवती मुंग्या, आणि 'श्वास पुरत नाही' म्हणतात. अर्ध्या तासाने आपोआप शांत होतं.

दिवसभर ऑक्सिमीटर बोटाला असतो. परवा त्यात ८९ आलं, घरात कुणी झोपलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका 'आता पोट पोकळ झालं, कंबर धरणार' असं सांगून जातात. पिशवीचा तपासणी रिपोर्ट अजून यायचाय, त्याची धास्ती वेगळीच. सर्जन म्हणाले, 'सगळं नॉर्मल आहे, मनाचं आहे.' बरं, मनाचं असेल तर करायचं काय? शेजारच्या काकूंकडे झोपेची गोळी आहे, अर्धी द्यावी का?

सलाईन_स्टँड:

काकूंची गोळी नको. का ते खाली येईलच.

'मनाचं आहे' हे सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं वाक्य आहे. आधी चार गोष्टी सांगा:

१. डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनचं नाव काय लिहिलंय, अक्षर न् अक्षर.
२. ऑपरेशननंतरचं हिमोग्लोबिन किती?
३. घरी दिलेल्या गोळ्यांची नावं, कुठली कधी बंद झाली त्यासकट.
४. पोटाचा पट्टा बांधतात का, किती घट्ट?

तोवर हे वाचून ठेवा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि तिची लक्षणं घाबरल्यासारखीच दिसतात. फरक असा: भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. गुठळीचा दम ओसरत नाही, चार पावलं चाललं की वाढतो, खोल श्वास घेताना छातीत सुरी लागल्यासारखं दुखतं, कधी खोकल्यातून रक्त येतं. बऱ्याचदा एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबली की दुखरी असते. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा, गुडघ्याखाली एकाच अंतरावर. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर सकाळची वाट बघू नका. निवांत पडून असताना नाडी सतत १२०च्या वर राहिली तरी तेच.

याखेरीज लगेच फोन करायची कारणं: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, घाण वासाचं जाणं, एकदम पाण्यासारखं भळकन येणं, लघवी नकळत सतत गळणं, कुशीत कळ. फिकट तपकिरी जाणं मात्र चार-सहा आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतले टाके विरघळू लागले की एखाद दिवस थोडं ताजं लालही दिसतं. हे वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी नवी धास्ती.

ऑक्सिमीटरबद्दल. बोट गार असेल, हात हलत असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर आकडा खोटा खाली येतो. पद्धत अशी: हात पाच मिनिटं चोळून गरम करायचा, मधलं बोट, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर झाल्यावरच वाचायचा. बोटात घातल्या घातल्या दिसतो तो आकडा धरायचा नाही. दिवसातून दोनदा, सकाळी आणि झोपताना. मधे मधे नाही. नीट घेतलेला आकडा ९४च्या खाली राहिला तर दवाखाना.

ताकभात:

स्टँड म्हणतात ते आधी करा. माझं त्यापुढचं.

पहाटे तीनला बसून 'मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या' असं कुणी म्हणत असेल तर त्याला आधी थांबवा. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हवा कमी पडत नाही, जास्त होते. वर मोठे श्वास घेतले की मुंग्या वाढतात, मग 'बघा, वाढतंय' म्हणून भीती वाढते.

करायचं ते असं. पाठीशी दोन उशा, गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी, म्हणजे पोटावरचा ताण जातो. एक तळवा बेंबीच्या वर, टाक्यांपासून दूर. तोंड बंद, नाकाने हळू श्वास आत, मनात चार मोजून. पोट तळव्याला जेमतेम लागेल इतकाच, फुगवायचं नाही. मग गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. दहा मिनिटं. मधे चुकलं तर चुकलं, पुन्हा चारपासून. सोबतच्या माणसाने फक्त बोटांनी मोजून दाखवायचं, बोलायचं नाही.

एक अट आहे: हे दिवसा शांत असताना तीनदा करून बसलेलं हवं. पहाटे तीनला पहिल्यांदा शिकवायला गेलात तर जमणार नाही, आणि 'याचाही उपयोग नाही' हे डोक्यात पक्कं बसेल.

अनुलोम-विलोम श्वास न कोंडता चालेल, भ्रामरीही. कपालभाती, भस्त्रिका किमान तीन महिने नाही, आणि तेव्हाही सर्जनना विचारून. पोटात दाब येतो आणि आतले टाके त्यासाठी तयार नसतात.

ऑक्सिमीटर ही भीतीची दासी आहे. बघितलं की मिनिटभर बरं वाटतं, म्हणून पुन्हा बघावंसं वाटतं, आणि दर वेळी आराम थोडा कमी टिकतो. एकदम काढून घेतलात तर भांडण होईल. आज किती वेळा बघतात ते मोजा, वीस असेल तर उद्या दहा, परवा पाच, मग स्टँडनी सांगितलेले दोन. मशीन खोलीबाहेर ठेवायचं. बीपीच्या मशीनलाही हाच नियम.

आणि भेटायला येणाऱ्या बायकांसाठी: दाराशीच सांगायचं, 'पंधरा मिनिटं, ऑपरेशनचा विषय सोडून.' वाईटपणा तुम्ही घ्या, वहिनींवर टाकू नका. पोट पोकळ वगैरे काही होत नाही, आतड्यांची वेटोळी सरकून ती जागा भरतात. मुठीएवढ्या अवयवाची जागा ती केवढी.

पोहे_वाटाणा:

दोघांचे आभार. पोटऱ्या मोजल्या, डावी ३३, उजवी ३३.५. चालताना दम नाही. आणि बोटांवर मेंदी आहे! ऑपरेशनच्या आधी लग्न होतं घरात. अंगठ्यावर कमी आहे, तिथे ९७ आलं.

कार्डवर 'टीएएच विथ बीएसओ' आहे. हिमोग्लोबिन ९.२. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा होती, दहा दिवसांनी संपली तशी बंद. पट्टा दिवसरात्र, सासूबाई स्वतः आवळून बांधतात.

सलाईन_स्टँड:

इथेच बरंचसं उत्तर आहे.

टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन पूर्ण पिशवी काढली. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढली. घरात 'पिशवी काढली' एवढंच माहीत असेल, पण कार्ड सांगतंय की वहिनींची पाळी नुसती थांबलेली नाही, त्यांची रजोनिवृत्ती एका दिवसात झालीय. एरवी अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन चार-पाच वर्षांत चढउतार करत उतरतं. इथे दोन दिवसांत तळाला जातं. पहाटेचा घाम, धडधड, तीनला डोळा उघडणं, विनाकारण रडू येणं हे त्याचं थेट लक्षण आहे, आणि पहिल्या आठवड्यातच सुरू होऊ शकतं. तुमच्या सहाव्या दिवसाशी जुळतं.

आजपासून पाच दिवस एक वही करा. छातीतून गरम लाट मानेकडे चढते, घाम, दोन-चार मिनिटांत अंग गार, आणि भीती त्यानंतर येते, असं असेल तर ती हॉट फ्लश. विचार किंवा भीती आधी आणि मुंग्या मागून, असं असेल तर भीतीचा झटका. वेळ, किती मिनिटं, आधी काय आलं, एवढे तीनच रकाने. बऱ्याच जणींत लाटेने जाग येते आणि जागेपणी भीती तिच्यावर स्वार होते, तेव्हा दोन्ही एकाच रात्री दिसले तरी गोंधळू नका.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न नेमका असा: 'वय ४४, दोन्ही अंडाशयं काढली आहेत. इस्ट्रोजेन द्यायचं की नाही, आणि नसेल तर का?' पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेली तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन देण्याकडे कल असतो. तो फक्त लाटांसाठी नाही, हाडं आणि हृदयासाठीही. पिशवी नसल्यामुळे तिच्या अस्तराला जपणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन सहसा सोबत लागत नाही, एंडोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असेल तर गणित बदलतं. जेल किंवा पॅचमध्ये गुठळीचा धोका तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गुठळी झालेली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर नको, आणि तपासणी रिपोर्ट हातात येईपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतील. ते योग्यच आहे. केमिस्टकडून आपल्या मनाने काही आणायचं नाही.

तोवर रात्री: सुती गाऊन, पायाकडे पंखा, उशाशी ओला नॅपकिन, संध्याकाळी पाचनंतर चहा नाही, रात्रीच्या जेवणात मिरची कमी.

ट्रॅमाडॉल. दहा दिवस दिवसातून तीनदा घेऊन एकदम तोडली की दोन-तीन दिवस बेचैनी, घाम, झोप उडणं होऊ शकतं. दोन दिवसांपूर्वी संपलीय, तर या दोन रात्रींचा वाढीव त्रास त्यातला असू शकतो. सहसा आठवड्याभरात मावळतो, फार असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. आणि इथेच काकूंची गोळी: ती बहुतेक अल्प्राझोलम जातीतली असणार. ट्रॅमाडॉल अंगात असताना ती दिली तर श्वास मंदावू शकतो, आणि एरवीही दोन-तीन आठवड्यांत तिची सवय लागते. मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड चालू असेल तर तेही सांगा. त्याने काहींना बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, आणि घरचे त्यालाही घाबरणंच समजतात.

हिमोग्लोबिन ९.२ला जिना चढताना धडधड होणारच. लोहाची गोळी चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर. तीन-चार आठवड्यांत साधारण २ ग्रॅम चढलं पाहिजे, नाही चढलं तर कारण शोधायचं. शौचाला काळं होईल, ते रक्त नव्हे. बद्धकोष्ठ मात्र होतं, आणि कुंथण्याचा ताण थेट टाक्यांवर. इसबगोल दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यातून, लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला. डिंकाचे लाडू बाळंतिणीला शोभतात. इथे त्यांनी पोट आणखी घट्ट होतं.

पट्टा. सासूबाईंना दुखवायचं नाही पण सांगायचं. इतका घट्ट बांधला की श्वासाचा पडदा खाली उतरत नाही, श्वास छातीच्या वरच्या भागातूनच घेतला जातो, उथळ आणि भराभर. 'श्वास पुरत नाही' याचं निम्मं कारण कदाचित तिथेच. फक्त चालताना बांधायचा, पट्ट्याखाली चार बोटं सहज शिरतील इतका, झोपताना नाहीच. खोकला, शिंक आली की पट्ट्याऐवजी उशी पोटाशी धरायची.

ऊसाचं_पाचट:

मध्येच एक. कार्डवर अंडाशयांचा उल्लेख वाचल्यावरच घरच्यांना कळणं ही नवी गोष्ट नाही. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांवरून गदारोळ झाला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तिशीतल्या बायका 'पिशवी काढली' एवढंच सांगू शकत होत्या. कागद मागा. ऑपरेशन नोट्सची प्रत रुग्णाला मिळते, मागायला संकोच नको.

लिंबू_लोणचं:

रिपोर्टची धास्ती आहे म्हणता, तर तो आल्यावर घरात इंटरनेट उघडून बसण्याआधी हे वाचा. पॅथॉलॉजी रिपोर्ट सात-दहा दिवस घेतो. पंधरा दिवस झाले म्हणजे काही लपवतायत असं नसतं. खूपदा जादा काप घ्यावे लागतात.

'लिओमायोमा' म्हणजे फायब्रॉइडच. 'ॲडिनोमायोसिस' म्हणजे अस्तर स्नायूत शिरलेलं, साधं. 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस' हे शब्द जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असतात आणि प्रत्येक घरात घाबरवतात, त्यांचा अर्थ पिशवीच्या मुखाला जुनी सूज एवढाच. 'नॅबोथियन सिस्ट', 'स्क्वेमस मेटाप्लेसिया' हेही कॅन्सर नव्हेत. 'मेटाप्लेसिया' आणि 'मेटास्टेसिस' (कॅन्सर पसरणं) यांचा गोंधळ करून रडारड झालेली घरं आहेत.

ज्या शब्दांवर थांबून डॉक्टरांना विचारायचं ते हे: 'अटिपिया', 'हायपरप्लेसिया' असेल तर 'विथ' की 'विदाउट' अटिपिया, 'डिस्प्लेसिया' किंवा 'सीआयएन', आणि 'कार्सिनोमा', 'सार्कोमा'. आधी शेवटचा 'इम्प्रेशन' परिच्छेद वाचा, मग वरचं वर्णन. वर्णनात मापं आणि रंग असतात, त्यातून घरी बसून अर्थ काढायचा नसतो.

एक माणूस ठरवा, तोच रिपोर्ट आणेल आणि तोच आधी डॉक्टरांना दाखवेल. वहिनींसमोर लिफाफा फोडायचा नाही, आणि त्यांच्यापासून लपवायचाही नाही. त्याच दिवशी सांगायचा.

ताकभात:

स्टँडनी हॉर्मोनचा भाग उलगडला ते बरं झालं. तरी हॉर्मोन मिळालं की भीती त्याच रात्री जाईल असं धरू नका. सहा-सात रात्री तीनला उठून शरीराला सवय लागलीय. पलंगच आता घाबरण्याची जागा झालीय. वीसेक मिनिटांत परत झोप नाही लागली तर कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, निवडायला मूठभर लसूण घेतला तरी चालेल. मोबाइल नाही. डोळे जड झाले की परत. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप अर्धा तास, गजर लावून. सकाळी उन्हात दहा मिनिटं चालणं. या आठवड्यात घरातल्या घरात दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास.

दुपारी चार ते सव्वाचार काळजीची वेळ ठेवा. जे डोक्यात येईल ते वहीत, 'रिपोर्ट', 'कॅन्सर', 'नवऱ्याला काय वाटेल', सगळं. पहाटे तेच आलं तर 'चारला बघू' म्हणून एक शब्द चिठ्ठीवर. पोरकट वाटतं, पण चालतं.

नवऱ्याचं नाव निघालंच तर: संबंध आठ आठवडे नाहीत, आणि तेही तपासणीत आतले टाके भरलेत असं कळल्यावरच. इस्ट्रोजेन गेल्याने कोरडेपणा येतो, त्यावर उपाय आहेत, हे दोघांना डॉक्टरांसमोर एकत्र ऐकू द्या. बाहेर कुठेतरी अर्धवट ऐकलं की त्याची वेगळी भीती होते.

मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जायचं? जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची, एकूण २१ गुण. दहा किंवा जास्त आले तर जायचं. दोन आठवडे बहुतेक दिवस जेवण, आंघोळ, बोलणं सुटलं असेल तर गुण न मोजता जायचं. आणि 'जगून काय करायचं' असं एकदाही तोंडातून आलं तर त्याच दिवशी. टेली-मानस १४४१६, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध लिहून दिलं, एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं, तर ट्रॅमाडॉल पुन्हा चालू आहे का ते आधी सांगायचं, दोन्ही एकत्र आले तर घातक प्रतिक्रिया होऊ शकते. अशा गोळ्यांचा उपयोग दोन ते चार आठवड्यांनी कळतो, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट किंचित वाढते. हे माहीत नसतं म्हणून चौथ्या दिवशी बंद करतात. अश्वगंधा, शतावरी कुणी आणून दिली असेल तर तीही गोळ्यांच्या यादीत लिहा.

पोहे_वाटाणा:

पट्टा रात्री काढला. सासूबाई रुसल्यात, पण वहिनी काल सलग चार तास झोपल्या. शुक्रवारी दाखवायला जायचंय, चाळीस किलोमीटर, रस्ता खड्ड्यांचा. गाडीने न्यायला हरकत नाही ना? आणि घरी आल्यापासून स्वयंपाकघरात शिरतात, ऐकत नाहीत.

सलाईन_स्टँड:

पुढच्या सीटवर बसवा, सीट थोडी मागे कलती. पोट आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये पातळ उशी, बेल्टची खालची पट्टी टाक्यांच्या खाली, मांड्यांच्या वर. अर्ध्या वाटेत थांबून पाच मिनिटं चालवा, पोटरीसाठी. निघण्याआधी लघवी. वही, कार्ड, रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटं आणि तुमचा तो एक प्रश्न कागदावर लिहून बरोबर.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं चौथ्या आठवड्यानंतर चालेल. आता स्टुलावर बसून भाजी निवडू दे. रिकामं बसवलं तर पुन्हा ऑक्सिमीटर हातात येईल. सहा आठवडे चार किलोच्या वर काही उचलायचं नाही: भरलेला पाच लिटरचा कुकर नाही, पाण्याची कळशी नाही, ओल्या कपड्यांची बादली नाही. खाली बसून कणीक मळायचीही नाही. सिलिंडरला तर हातच लावायचा नाही, भरलेला तीस किलोच्या आसपास असतो.